मेंदूचे संकेत आणि मनातले भाव : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मेंदूतील विद्युत्संकेतांवरून (त्यांच्या आलेखाला ईईजी म्हणतात) माणसाच्या भावना ओळखण्याचे प्रयत्न मशीन लर्निंगच्या, म्हणजे नोंदी दाखवून यंत्राला शिकवण्याच्या तंत्राच्या, साहाय्याने चालू आहेत, अशी माहिती या सदरातून मागील अंकात दिली होती. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. काही पत्रांत कुतूहल आहे, काहींत काळजी आहे, आणि एक पत्र तर वाचून झाल्यावर बराच वेळ हातातून खाली ठेववले नाही. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सिग्नल प्रोसेसिंग हा विषय शिकवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधोपचाराचा निर्णय वाचकांनी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा, एवढे सांगून उत्तरांकडे वळतो.

प्रश्न : माझ्या नातवाला दोनदा फिट आली. जळगावला नेऊन डोक्याचा ईईजी काढला. कागदावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा आहेत. पोरगा मुळात भित्रा आहे. त्याच्या मनात कसली भीती बसली आहे, ते या रेघांत डॉक्टरांना दिसते का?
– एक शेतकरी, रावेर तालुका

नाही, आजोबा, ते त्यात दिसत नाही. त्या रेघांत काय दिसते, ते आधी सांगतो.

मेंदूच्या वरच्या थरातील लाखो पेशी एका तालात काम करू लागल्या की त्यांचा एकत्रित विद्युत्प्रवाह कवटी आणि कातडी ओलांडून बाहेर येईपर्यंत अगदी क्षीण होतो. डोक्यावर मोजला जाणारा विद्युत्दाब साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्ट एवढाच असतो. आपल्या बॅटरीतला साधा सेल 1.5 व्होल्टचा असतो, त्याच्या तीस हजाराव्या हिश्शाएवढा, म्हणजे 50 मायक्रोव्होल्टचा हा संकेत असतो असे समजा. म्हणून तर तपासणीच्या आदल्या रात्री केस धुऊन यायला आणि तेल न लावायला सांगतात. तेलाचा पातळ थर मधे आला तरी इलेक्ट्रोड, म्हणजे संकेत टिपणारी चकती, नीट चिकटत नाही आणि संकेताऐवजी खरखर उमटते. नातवाच्या डोक्यावर तंत्रज्ञाने टेपने माप घेतले असेल, ते आपण पाहिले असेल. नाकाच्या मुळापासून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्याच्या दहा व वीस टक्क्यांवर खुणा करून इलेक्ट्रोड बसवायचे, ही पद्धत 1958 पासून जगभर चालते. लहान डोके असो की मोठे, मेंदूचा तोच भाग त्याच इलेक्ट्रोडखाली यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप असतो.

डॉक्टर त्या आलेखात टोकदार लहरी शोधतात. मेंदूच्या एखाद्या भागात पेशींचा जथा अचानक एकदम पेटून उठतो तेव्हा अशा लहरी येतात आणि फिटच्या आजाराची ती खूण असते. भीती, राग, लाड यांची अशी ठरलेली रेघ नसते. आणखी दोन गोष्टी. आलेख निर्दोष आला म्हणजे फिटचा आजार नाही असे ठरत नाही, कारण तो अर्ध्या तासाचाच असतो आणि त्या वेळेत मेंदू शांत असू शकतो. म्हणून पुन्हा फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा. ते चित्रण डॉक्टरांना बऱ्याचदा आलेखाइतकेच उपयोगी पडते. भीतीबद्दल मात्र नातवाशीच बोलावे लागेल. फिट आलेल्या मुलाला पुढच्या फिटची भीती वाटते आणि वर्गात चिडवतील याचीही वाटते. ते तो आपल्याजवळ सांगेल, यंत्राजवळ नाही.

प्रश्न : मी अंतिम वर्षाला आहे. डीप नावाच्या प्रसिद्ध डेटासेटवर मी भावना ओळखण्याचे मॉडेल तयार केले. अचूकता 96 टक्के आली. सर म्हणतात की यावर विश्वास बसत नाही. कोड तर बरोबर चालतो. मग चूक कुठे आहे?
– एक विद्यार्थिनी, धुळे

आपले सर बरोबर आहेत, आणि आपण हा प्रश्न लपवून न ठेवता विचारला याचा मला फार आनंद झाला. हीच चूक अनेक छापील शोधनिबंधांतही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2012 साली प्रसिद्ध झालेल्या या डेटासेटमध्ये, म्हणजे नोंदींच्या संग्रहात, 32 माणसे आहेत. प्रत्येकाला गाण्यांच्या 40 चित्रफिती दाखवल्या, प्रत्येक चित्रफीत एका मिनिटाची होती. प्रत्येक चित्रफितीनंतर त्या माणसाने स्वतः 1 ते 9 या मापावर गुण दिले : किती सुखद वाटले, किती उत्तेजित वाटले, मनावर ताबा किती होता, आवडले किती. आता आपण काय केले असेल, ते अंदाजाने सांगतो. एका मिनिटाचे एकेका सेकंदाचे साठ तुकडे केले. 32 माणसे, 40 चित्रफिती, 60 तुकडे, म्हणजे 76,800 नमुने झाले. मग ते सगळे एकत्र मिसळून ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के परीक्षेला ठेवले.

इथेच घात झाला. एकाच माणसाच्या एकाच चित्रफितीचा विसावा सेकंद शिकवणीत गेला आणि एकविसावा परीक्षेत आला. हे दोन तुकडे जवळजवळ सख्खे भाऊ आहेत. त्या माणसाच्या कवटीची जाडी तीच, इलेक्ट्रोडखालच्या जेलचा ओलावा तोच, दातओठ आवळण्याची लकब तीच, आणि साठही तुकड्यांना उत्तर एकच, कारण गुण मिनिटाला एकदाच दिले होते. मॉडेलला भावना ओळखावी लागली नाही. हा तुकडा कोणाच्या कोणत्या चित्रफितीतला आहे एवढे ओळखले की उत्तर हाती येते. धान्य बाजारात पोत्याच्या तोंडाशी मूठभर गहू पाहून त्याच पोत्यातली दुसरी मूठ कशी असेल ते सांगण्यात कसब नाही; न उघडलेल्या पोत्याबद्दल सांगता आले तर कसब.

डेटासेट तयार करणाऱ्या संशोधकांनी स्वतः चाचणी घेतली तेव्हा एक चित्रफीत पूर्ण बाजूला ठेवून उरलेल्या एकोणचाळीसांवर शिकवले आणि हे आळीपाळीने केले. ईईजीवरून त्यांची अचूकता उत्तेजनेसाठी 62.0 टक्के आणि सुखदतेसाठी 57.6 टक्के आली. जास्त की कमी एवढेच सांगायचे असताना नाणे उडवूनही पन्नासच्या आसपास येते, हे लक्षात घेतले तर या आकड्यांचे खरे वजन कळते. पुढे अधिक चांगली मॉडेल आली आणि आकडे वाढले, पण परीक्षा कडक घेतली की ते पुन्हा खाली येतात. एक संपूर्ण माणूसच शिकवणीतून वगळून त्याच्यावर परीक्षा घेण्याची पद्धत तर सर्वांत कठीण, आणि उपयोगाच्या दृष्टीने तीच खरी. बाहेरून येणारा माणूस यंत्राला नेहमी अनोळखीच असणार.

तेव्हा आधी तुकडे पाडू नका, आधी माणसे वेगळी करा आणि मग तुकडे पाडा. सरासरी काढून आकडे एका पट्टीवर आणण्याचे कामही शिकवणीच्या भागावरच करा. परीक्षेच्या भागाची सरासरी त्यात मिसळली तरी उत्तर फुटते. कोणत्या उत्तराचे नमुने जास्त आहेत तेही मोजा, कारण साठ टक्के नमुने एकाच बाजूचे असतील तर डोळे मिटून तीच बाजू सांगणारे मॉडेलही साठ टक्के गुण मिळवते.

आणखी एक तपासणी आवर्जून करा. माणूस हसतो तेव्हा गालाचे आणि कानशिलाचे स्नायू आवळले जातात, आणि स्नायूंचा संकेत मेंदूच्या संकेतापेक्षा कितीतरी मोठा असतो. 30 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 30 लहरींच्या, वरच्या गॅमा पट्ट्यात तो बेमालूम मिसळतो. गॅमा पट्टा आनंद ओळखण्यात फार उपयोगी ठरला, असे अनेक निबंधांत वाचायला मिळते. तो मेंदूचा आनंद आहे की गालावरचे हसू आहे, हे वेगळे करून दाखवल्याशिवाय तसे म्हणता येत नाही. आमच्या प्रयोगशाळेत मी स्वतः इलेक्ट्रोडांची टोपी घालून बसलो होतो. विद्यार्थ्यांनी विनोद सांगितला तेव्हा पडद्यावरच्या सगळ्या रेघा जाड काळ्या झाल्या. मग मला काहीच विनोदी वाटत नसताना मी नुसते दात आवळले, तेव्हाही तशाच जाड झाल्या. मुलांना हे एकदा दाखवले की पुढे समजावत बसावे लागत नाही.

आपली अचूकता 96 वरून 60 वर आली तर प्रकल्प बुडाला असे समजू नका. दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी छापा आणि फरक कशामुळे पडला ते लिहा. मी परीक्षक असतो तर त्या पानाला सर्वांत जास्त गुण दिले असते.

प्रश्न : भरतमुनींनी आठ स्थायी भाव सांगितले. पाश्चात्त्य शास्त्रज्ञ सहा मूलभूत भावना मानतात. यंत्राला कोणती यादी शिकवतात? आणि आपल्या परंपरेचा या कामात काही उपयोग आहे की केवळ अभिमान बाळगायचा?
– एक सेवानिवृत्त शिक्षक, अमळनेर

ज्या गावात 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर उभे आहे त्या गावातून हा प्रश्न यावा, हे मला स्वाभाविक वाटले. उपयोग आहे, आणि तो अभिमानाच्या पलीकडचा आहे.

याद्यांचे आधी पाहू. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांची मूळ यादी राग, भीती, किळस, आनंद, दुःख आणि आश्चर्य अशी आहे. नाट्यशास्त्रातील क्रोध, भय, जुगुप्सा, हास, शोक आणि विस्मय हे सहा तिच्याशी बरेचसे जुळतात. उरतात रती आणि उत्साह. प्रेम आणि उमेद यांना आपल्याकडे मूळ भावांत जागा मिळाली, ही मला मोठी गोष्ट वाटते. तरी मेंदूच्या संकेतांवर काम करणारे अनेक संशोधक कोणतीच यादी घेत नाहीत. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी 1980 साली मांडलेल्या भावनांच्या नकाशावर ते काम करतात. त्या नकाशाला दोन दिशा आहेत. एका दिशेने सुखद ते दुःखद, दुसऱ्या दिशेने निवांत ते उत्तेजित. राग आणि भीती दोन्ही दुःखद आणि उत्तेजित, म्हणून नकाशावर शेजारी बसतात, आणि यंत्राला त्या दोघींत फरक करणे अवघड जाते. क्रोध पुढे धावतो आणि भय मागे पळते, हा भेद त्या दोन दिशांत मावत नाही.

आता परंपरेचा उपयोग. प्रयोगशाळेत एखाद्या माणसाच्या मनात भावना आणायची कशी? खरोखर कोणाला घाबरवणे किंवा रडवणे योग्य नाही. म्हणून चित्रफीत दाखवतात. शांघाय जिआओ टाँग विद्यापीठाच्या सीड नावाच्या डेटासेटमध्ये 15 जणांना चित्रपटांचे 15 तुकडे दाखवून 62 इलेक्ट्रोडांनी नोंदी घेतल्या, आणि तुकडा दुःखद असेल तर नोंदीवर 'दुःख' हा शिक्का बसला. म्हणजे नोंदली गेली ती प्रेक्षकाची अवस्था. पण प्रेक्षकाला येणारा अनुभव आणि प्रत्यक्ष भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तर रसविचाराचे पहिले पाऊल आहे. रंगमंचावरच्या शोकाचा प्रेक्षकाच्या ठायी करुण रस होतो आणि त्याचा आस्वाद घेता येतो. घरातल्या शोकाचा आस्वाद कोणी घेत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर वादळ येते आणि घडाला आलेली केळीची बाग एका रात्रीत आडवी होते. सकाळी त्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या मेंदूत काय चालले असेल, त्याची नोंद कोणत्याही डेटासेटमध्ये नाही, आणि तशी नोंद घ्यायला कोणी त्याच्या डोक्यावर टोपी चढवायला जाऊ नये असेच मी म्हणेन. पण मग चित्रपट पाहून शिकलेल्या यंत्राने त्याचे दुःख ओळखण्याचा दावाही करू नये. नोंदींवरचे शिक्के 'शोक' असे न वाचता 'करुण' असे वाचायला हवेत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. हा शब्दांचा खेळ नाही. शिक्का चुकला की त्यावर शिकलेले सगळेच चुकते.

दुसरा उपयोग संचारी भावांचा. भरतमुनींनी तेहतीस संचारी भाव सांगितले आहेत. ते स्थायी भावाच्या प्रवाहात लाटेसारखे येतात आणि जातात. एका मिनिटाच्या चित्रफितीला एकच गुण देण्याच्या पद्धतीत ही ये-जा पुसून जाते. आता काही संशोधक चित्रफीत चालू असतानाच प्रेक्षकाला एक दांडी मागे-पुढे करायला लावून क्षणाक्षणाची नोंद घेतात. ही दिशा मला योग्य वाटते.

आणि आठ सात्त्विक भाव : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. घाम, शहारा, बदललेला आवाज, कंप. आजचे यंत्र ईईजीच्या जोडीला नेमके हेच मोजते : कातडीवरचा घाम, हृदयाचे ठोके, श्वास, आवाज. डीपमध्येही मेंदूबरोबर या शारीरिक नोंदी घेतल्या आहेत. अभिनय शिकवणाऱ्यांनी जे डोळ्यांनी टिपले, ते इथे तारांनी टिपले जाते.

प्रश्न : मुलाच्या क्लासमध्ये मुलांच्या कपाळावर पट्टा लावून 'मूल लक्ष देते का, कंटाळले का, तणावात आहे का' हे पालकांच्या मोबाइलवर कळवण्याची योजना आहे. त्यासाठी वेगळी फी आहे. संमतीचा कागद घरी आला आहे. सही करावी का?
– एक आई, भुसावळ

माझे स्पष्ट मत : करू नये.

कपाळावर बसणाऱ्या पट्ट्याला दोन किंवा चार इलेक्ट्रोड असतात, आणि तेही जेल न लावता टेकवलेले. मेंदूचा संकेत जिथे सर्वांत जास्त बिघडतो तीच ही जागा. पापणी लवली की डोळ्यामुळे उठणारी लहर मेंदूच्या लहरीपेक्षा मोठी येते, आणि भुवया उंचावल्या की स्नायूंची खरखर होते. आपल्याकडच्या मे महिन्यात वर्गात पंखे फिरत असताना घामाने कपाळ भिजले की आलेखाची रेघ वर-खाली सरकत राहते, त्यात खोलीतल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण मिसळते ती वेगळीच. अशा पट्ट्यातून निघालेला 'लक्ष : 72 टक्के' हा आकडा कशाचा आहे, हे विचारले तर समाधानकारक उत्तर मिळत नाही. डोळे मिटून स्वस्थ बसले की 8 ते 13 हर्ट्झच्या अल्फा लहरी वाढतात, हे जवळजवळ शंभर वर्षांपासून माहीत आहे. पण मूल डोळे मिटून गणिताचाच विचार करत असू शकते.

2019 साली चीनमधील झेजियांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांना असेच पट्टे घातले होते. लोकांनी आवाज उठवल्यावर वापर थांबवावा लागला. युरोपीय संघाने 2 फेब्रुवारी 2025 पासून शाळेत आणि कामाच्या ठिकाणी शारीरिक संकेतांवरून भावना ओळखणाऱ्या प्रणालींना बंदी घातली आहे, केवळ वैद्यकीय आणि सुरक्षिततेच्या कारणांचा अपवाद ठेवला आहे. आपल्या देशाच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती सांगितली आहे. म्हणजे निर्णय आपल्या हातात आहे. क्लासला लेखी तीन गोष्टी विचारा : ही माहिती कोठे साठवली जाते, किती वर्षे राहते, आणि मूल क्लास सोडून गेल्यावर ती पुसतात का.

खरी हानी तर मला वेगळीच दिसते. आपला चेहरा, आपले मन कोणीतरी सतत मोजत आहे हे कळलेले मूल मोकळेपणाने कंटाळूही शकत नाही. त्या वयात खिडकीबाहेर बघत बसण्यालाही किंमत असते. संध्याकाळी जेवताना आज वर्गात काय समजले नाही हे विचारलेत तर त्या पट्ट्यापेक्षा जास्त कळेल.

प्रश्न : आमच्या भागात मुले घरी भिली, पावरी, अहिराणी बोलतात. युरोपात आणि चीनमध्ये शिकलेले यंत्र त्यांच्या भावना ओळखेल का?
– एक आश्रमशाळा शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

भाषेचा अडसर संकेताला नाही, शिक्क्याला आहे. डीपमधल्या नोंदी नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये घेतल्या, सीडमधल्या चीनमध्ये. एका गावातल्या दोन सख्ख्या बहिणींचे ईईजीसुद्धा एकमेकींपासून बरेच वेगळे असतात, त्यामुळे माणूस बदलला की यंत्र गोंधळते, ते सातासमुद्रापारच्या माणसाने गोंधळणारच. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक नव्या माणसाच्या थोड्या नोंदी घेऊन यंत्राला त्याची सवय करून देतात. पण त्या नोंदींच्या वेळी माणसाने आपल्याला काय वाटले हे सांगावे लागते, आणि ते तो आपल्या भाषेतल्या शब्दांनी सांगतो. मराठीत 'हुरहूर' हा शब्द आहे. ती सुखद की दुःखद? उत्तेजित की निवांत? 1 ते 9 पैकी किती? मला स्वतःला सांगता येत नाही. आपल्या मुलांच्या बोलीतही असे शब्द असतील. ते मुलांकडूनच विचारून, त्यांनी सांगितलेल्या प्रसंगासह वहीत उतरवून ठेवा. पुढे कधी या भागात असे संशोधन झाले तर त्या वहीशिवाय त्याला सुरुवातच करता येणार नाही.

प्रश्न : संशयिताच्या मेंदूची तपासणी करून पोलीस त्याच्या मनातले काढून घेऊ शकतात का?
– विधी शाखेचा एक विद्यार्थी, जळगाव

सक्तीने नाही. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी सांगितले की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करणे राज्यघटनेच्या कलम 20(3) (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको) आणि कलम 21 (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांच्या विरुद्ध आहे. संमतीने चाचणी केली तरी तिचा निष्कर्ष स्वतः पुरावा ठरत नाही. मात्र तिच्या आधारे पुढे प्रत्यक्ष काही वस्तू सापडली तर ती ग्राह्य धरता येते. त्याआधी 2008 साली पुण्याच्या एका निकालात मेंदूच्या विद्युत्संकेतांची चाचणी पुराव्यात धरली गेली होती आणि त्यावर देशविदेशात टीका झाली. ध्यानात ठेवा, ती चाचणीही भावना ओळखत नव्हती, घटनेची आठवण ओळखण्याचा दावा करत होती. निरपराध माणूसही पोलीस ठाण्यात घाबरतो, त्यामुळे भावनेवरून गुन्हा ठरवणे त्याहून धोक्याचे.

प्रश्न : ईईजीचा शोध मनातले ओळखण्यासाठीच लागला होता, असे ऐकले. खरे आहे का?
– एक वाचक, शहादा

होय, बऱ्याच अंशी. हान्स बर्गर हे जर्मन डॉक्टर तरुणपणी सैनिकी सरावात घोड्यावरून पडले आणि थोडक्यात बचावले. त्याच दिवशी दूर असलेल्या त्यांच्या बहिणीला उगाच काळजी वाटू लागली आणि तिने वडिलांना तार करायला लावली. माझी भीती तिच्यापर्यंत पोहोचली कशी, या प्रश्नाने बर्गर यांना आयुष्यभर सोडले नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहत वाढलेल्या आपल्या भागातल्या वाचकांना ही हकिगत लवकर पटेल. 1924 साली येना येथे त्यांनी माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख घेतला आणि पाच वर्षे पडताळणी करून 1929 साली प्रसिद्ध केला. मनापासून मनापर्यंत जाणारी शक्ती त्यांना सापडली नाही. सापडला तो अल्फा लहरींचा ताल, आणि त्यातून फिटच्या लाखो रुग्णांचे निदान सोपे झाले.

प्रश्न : आईला आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणे गेले. ती मधूनच रडते. कानबाईची गाणी लावली तरी रडते, पाहुणे आले तरी रडते. तिला दुखते की वाईट वाटते, काहीच कळत नाही. मागच्या अंकात वाचल्यापासून वाटते, असे यंत्र तिला लावता आले तर तिच्या मनातले एकदा तरी कळेल. कुठे मिळेल?
– एक मुलगी, चाळीसगाव

ताई, आपल्या आईच्या मनातले सांगू शकेल असे यंत्र आज कोठेही मिळत नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका.

पण एक गोष्ट आधी सांगायला हवी. पक्षाघातानंतर काही रुग्णांत रडण्या-हसण्यावरचा मेंदूचा ताबा सैल होतो. मनात तेवढे दुःख नसतानाही रडू कोसळते, क्वचित हसूही, आणि ते लवकर ओसरते. त्यावर औषध आहे. दुसरीकडे, पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना खरे नैराश्यही येते, आणि त्यावरही उपचार आहे. या दोन्हींत फरक मेंदूविकारतज्ज्ञ करू शकतात. त्यासाठी आपण पंधरा दिवस एक वही ठेवा : रडू कधी आले, किती मिनिटे टिकले, त्याआधी काय चालले होते, जेवण आणि झोप कशी होती. ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

यंत्रांबद्दल आशा अगदीच नाही असे नाही. 1988 साली फारवेल आणि डोन्चिन या शास्त्रज्ञांनी पडद्यावर चमकणाऱ्या अक्षरांतून हवे ते अक्षर आल्यावर मेंदूत उठणारी लहर पकडून माणसाला एकेक अक्षर लिहिता येते, हे दाखवले. 2006 साली एड्रियन ओवेन यांनी काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितले आणि मेंदूच्या चित्रणात तिचा प्रतिसाद पाहिला. दोन्ही ठिकाणी माणसाच्या मनात काय आहे, असा अंदाज यंत्राने बांधला नाही. माणसाला प्रश्न विचारला, आणि उत्तर द्यायला वाट करून दिली.

तशी वाट आपल्या घरातही करता येईल. आपण लिहिलेल्या वर्णनावरून आईच्या मेंदूचा डावा भाग दुखावला असावा. बहुतेकांमध्ये बोलण्याचे केंद्र तिथेच असते. बोलणे गेले म्हणजे समजणे पूर्ण गेले असे नाही. वाचा-उपचारतज्ज्ञांकडे आठ महिन्यांनंतरही जाता येते, जरूर जा. तोवर पुठ्ठ्यावर मोठी चित्रे चिकटवा : पाणी, चहा, कूस बदलणे, पंखा, संडास, दुखणे, देव, नातवंडे. चित्रे एका वेळी दोनच दाखवा आणि तिच्या चांगल्या बाजूला, डाव्या हाताला धरा. 'हो'साठी एक खूण आणि 'नाही'साठी दुसरी ठरवा : डावा हात दाबणे आणि सोडणे, किंवा डोळे मिटणे आणि वर पाहणे. प्रश्न ती आयुष्यभर जी बोली बोलली त्या बोलीत विचारा. 'आपल्याला वेदना होत आहेत का' यापेक्षा 'दुखस का?' हे तिच्यापर्यंत लवकर पोहोचेल. विचारल्यावर दहा-पंधरा सेकंद गप्प थांबा. घरचे लोक बहुधा तीन सेकंदांत दुसरा प्रश्न टाकतात आणि तिचे उत्तर अर्ध्यावर राहते.

आणि उत्तर मिळाले की तोच प्रश्न थोड्या वेळाने उलटा करून विचारा : आधी 'दुखस का?', मग 'दुखत नाही ना?'. दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच निघाला, तर ते आईचे उत्तर आहे. त्या दिवसाच्या तारखेसह ते वहीत लिहा.